बापूकुटीच्या भिंतीवरची खजुरीची झाडं

प्रश्न : सेवाग्रामला बापूकुटीच्या भिंतीवर मातीची उठावदार नक्षी पाहिली. ती मीराबेन यांनी केली, असं तिथे कळलं. लंडनच्या बड्या घरातली ही लेखिका वर्ध्याजवळच्या खेड्यात कशी येऊन पोहोचली? आणि शेवटी भारत सोडून का गेली?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : घर बडं होतं, यात शंका नाही. मीराबेन, म्हणजे मॅडलिन स्लेड, यांचा जन्म 1892चा. वडील सर एडमंड स्लेड इंग्लंडच्या नौदलात अ‍ॅडमिरल. 1909पासून ते ईस्ट इंडीज आरमाराचे प्रमुख म्हणून मुंबईत होते. तेव्हा किशोरवयातली ही मुलगीही मुंबईत राहून गेली. मेजवान्या, नाच, भेटीगाठी सगळं झालं, पण भारत काही दिसला नाही. साहेबांच्या मुंबईतून तो दिसायचाही नाही.

या मेजवान्यांत त्यांचा जीव कधी रमला नाही. रमला तो घोडे, झाडंझुडपं आणि बेथोव्हनच्या संगीतात. पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये जर्मन म्हणून जे जे होतं त्यावर बहिष्कार होता. अशा दिवसांत फ्रेडरिक लॅमंड या पियानोवादकाच्या मैफली भरवायला त्या पुढे झाल्या. नुसत्या श्रोत्यांत बसून राहणारी बाई असती तर तिची गोष्ट इथेच संपली असती. बेथोव्हनचं वेड त्यांना बेथोव्हनवर लिहिणारे फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत घेऊन गेलं. त्यासाठी त्या फ्रेंच शिकल्या. रोलाँनी आपल्या नव्या पुस्तकाचा विषय सांगितला : महात्मा गांधी. ते पुस्तक वाचून झाल्यावर मॅडलिन यांनी भारताचं तिकीट काढलं, आणि मग स्वतःच ते वर्षभर पुढे ढकललं.

मला या बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात विलक्षण भाग हाच वाटतो. भारावून जाणारे खूप असतात. भारावल्यानंतर वर्षभर उमेदवारी करणारे थोडे. लंडनच्या घरात त्या सूत कातायला शिकल्या, मांडी घालून बसायला शिकल्या, जमिनीवर झोपू लागल्या. मांस आणि मद्य सोडलं. 1924 साली गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला, त्यानंतर त्यांना पत्र लिहून वीस पौंड पाठवले. घरच्यांनी आडकाठी केली नाही, हेही नोंदवायला हवं. नोव्हेंबर 1925मध्ये त्या साबरमतीला पोहोचल्या आणि मीरा झाल्या.

आता आपल्या विदर्भाकडे येऊ. 1934नंतर गांधीजींचा मुक्काम वर्ध्याला मगनवाडीत होता. खेड्यात जाऊन राहायचं तर कुठे, हा प्रश्न होता. सेगाव हे जमनालाल बजाज यांच्या मालगुजारीतलं गाव. तिथे आधी जाऊन राहिल्या त्या मीराबेन. गांधीजी मागाहून, 30 एप्रिल 1936ला आले. आज ज्या वास्तूला आपण बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेन यांची झोपडी. भिंतीवरची खजुरीची झाडं, चरखा, ओम हे सगळं त्यांनी मातीत हातानं उठवलेलं. माती, बांबू आणि कवेलू हेच साहित्य, पण प्रमाणाचं भान पाहा. संगीत ऐकून तयार झालेला माणूसच एवढी जागा रिकामी सोडू शकतो, असं माझं आपलं मत. (सेगावचं सेवाग्राम 1940 साली झालं, त्यामागे डाकेचा घोटाळा होता : टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जाऊ लागलं होतं.)

गुरुशिष्येचं नातं मात्र वाटतं तेवढं सरळ नव्हतं. मीराबेन यांना गांधीजींजवळ राहायचं असे आणि गांधीजी त्यांना पुन्हा पुन्हा दूर पाठवत. गांधीजींची त्यांना आलेली पत्रं पुस्तकरूपानं निघाली आहेत. ती वाचताना हा ताण लपत नाही. 1942मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्या गांधीजींबरोबर कैदेत होत्या. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा, दोघांचे मृत्यू त्यांनी तिथे पाहिले.

सुटकेनंतर त्या हिमालयाच्या पायथ्याशी गेल्या आणि ऋषिकेशजवळ पशुलोक आश्रम उभा केला. गुरं, चारा, जंगलतोड यांवर त्या लिहीत राहिल्या. डोंगरातला ओक तुटतो आणि त्याच्या जागी चीड पसरतो, हे त्यांनी चिपको आंदोलनाच्या वीस-एक वर्षं आधी दाखवून दिलं होतं. सरकारी यंत्रणेशी त्यांचं फारसं जमलं नाही. त्याच सुमारास बेथोव्हनवरचं रोलाँचं लेखन पुन्हा हाती आलं आणि जुनी ओढ जागी झाली. 1959मध्ये त्यांनी भारत सोडला आणि इंग्लंडमार्गे ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या खेड्यांत राहिल्या. रुसून गेल्या, असं काही जण सुचवतात. मला ते पटत नाही. तीस वर्षं बाजूला ठेवलेल्या कामाकडे त्या परत गेल्या.

भारत सरकारनं त्यांना पद्मविभूषण दिलं. 20 जुलै 1982ला त्यांचं निधन झालं. अ‍ॅटनबरोंचा ‘गांधी’ चित्रपट त्यानंतर चारच महिन्यांनी पडद्यावर आला. त्यात जेराल्डिन जेम्स मीराबेन झाल्या आहेत.

लेखिका म्हणून त्यांना ओळखायचं तर ‘द स्पिरिट्स पिलग्रिमेज’ हे 1960चं आत्मचरित्र वाचा. सुरुवातीची इंग्लंडमधली पानं गाळू नका. आणि सेवाग्रामला पुन्हा गेलात तर बापूकुटीत घाईनं फोटो काढून निघू नका; भिंतीजवळ जाऊन ती माती नीट पाहा.