व्हिएतनामचा भरला पाव

मंडळी, पाव आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. तालुक्याला गेलो की आपण पाव आणतो. चहात बुडवून खातो, मिसळीबरोबर खातो. पण पाव हा शब्द मूळचा आपला नव्हे. तो पोर्तुगीज लोकांचा. ते गोव्यात आले, त्यांच्याबरोबर पाव आला. पोर्तुगीज राज्य गेले, पाव राहिला. आता तो आपलाच झाला आहे.

असेच दुसऱ्या एका देशात घडले. त्या देशाचे नाव व्हिएतनाम. तो आपल्या पूर्वेला, समुद्रापलीकडे आहे. तिथले लोक कोकणातल्या माणसांसारखे भात खाणारे. १८५९ साली फ्रेंचांनी तिथले सायगॉन शहर जिंकले. हळूहळू सारा देश त्यांच्या ताब्यात गेला. फ्रेंच साहेबाला रोज भात कसा चालणार? त्याला हवा लांब, कडक पाव. पण गहू तिथे फारसा पिकत नाही. पीठ बोटीने यायचे. म्हणून पाव महाग पडे. साहेब पाव ताटात घेई, लोण्याबरोबर, मांसाबरोबर खाई. गरिबाने लांबून वास घ्यावा!

१९५४ साली फ्रेंचांचे राज्य संपले. देशाचे दोन भाग झाले. उत्तरेकडची लाखो माणसे घरदार सोडून दक्षिणेत आली. सायगॉन माणसांनी भरून गेले. कामावर जाता जाता हातात धरून खाता येईल, असे स्वस्त खाणे लोकांना हवे होते. तेव्हा विकणाऱ्यांनी काय केले? तोच साहेबी पाव मधोमध चिरला. महाग मांस थोडेच घातले. उरलेली जागा गाजर, मुळा, काकडी, कोथिंबीर आणि मिरची यांनी भरली. झाला साहेबाचा पाव गरिबाचा!

या पावाला तिकडे ‘बान्ह मी’ म्हणतात. इथला ‘मी’ म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे, बरे का! त्यांच्या भाषेत मी म्हणजे गहू. १९७५ साली तिथले मोठे युद्ध संपले. पुष्कळ लोक देश सोडून अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेले. त्यांनी हा पाव बरोबर नेला. आज तो जगभर मिळतो. सायगॉनला आता हो चि मिन्ह शहर म्हणतात.

आता कोणी म्हणेल, “गुरुजी, मांसाचा पाव आम्हांला कशाला?” ऐका तर. व्हिएतनाममध्ये बौद्ध लोक पुष्कळ आहेत. त्यांतले बरेच जण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांस-मासे खात नाहीत. त्या शाकाहारी जेवणाला ते ‘चय’ म्हणतात. त्या दिवशी पावात मांसाच्या जागी टोफू घालतात. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर.

सोयाबीन म्हटल्यावर विदर्भ-मराठवाड्याची मंडळी कान टवकारतील. आपण सोयाबीन पिकवतो आणि बाजारात नेऊन घालतो. त्याचे तेल निघते. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आपल्या ताटात मात्र ते क्वचितच येते. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये जवळजवळ छत्तीस ग्रॅम प्रथिने असतात. प्रथिनांनी अंग भरते, लेकरे वाढतात. म्हणजे खजिना शेतात आणि घरात उपास!

पण एक गोष्ट आधी वाचा, मगच पुढे जा. आमच्या गावात एका घरी पेरणीचे सोयाबीन उरले होते. सासूबाई म्हणाल्या, “टाकून कशाला द्यायचे? भिजत घाल.” सून आमच्या रात्रीच्या वर्गात येत असे. तिने पिशवी हातात घेतली. एकेक अक्षर लावून वाचले. पिशवीवर लिहिले होते, बियाला औषध लावले आहे, खाण्यासाठी वापरू नये. ती म्हणाली, “आत्याबाई, हे विष आहे.” सासूबाईंनी पिशवी पुन्हा बांधली आणि उंच ठेवली. त्या वर्षी वर्गात पुष्कळ जण वाचायला शिकले. पण त्या दोन ओळी मला सर्वांत मोलाच्या वाटतात.

औषध लावलेले बी बहुतेक रंगीत असते. ते धुतले तरी खाण्याजोगे होत नाही. गुराढोरांनाही घालू नये. खाण्यासाठी घरचे, औषध न लावलेले सोयाबीनच घ्यावे. तेही कच्चे खाऊ नये. कच्चे सोयाबीन पचत नाही. चांगले शिजले पाहिजे.

सोयाबीनचे पनीर

१. पाव किलो सोयाबीन निवडून धुवावे. रात्रभर भरपूर पाण्यात भिजत घालावे.

२. सकाळी ते पाणी ओतून द्यावे. दाणे चोळून साले काढावीत.

३. दाणे थोडे थोडे पाणी घालून बारीक वाटावे. वाटायला आणि कालवायला मिळून दोन लिटर पाणी लागेल. मग स्वच्छ फडक्यातून गाळून घट्ट पिळावे.

४. हे दूध मोठ्या पातेल्यात तापत ठेवावे. सारखे ढवळावे. फेस लवकर वर येतो. फेस आला म्हणजे दूध उकळले, असे समजू नका. जाळ कमी करून, खरी उकळी आल्यावर दहा-पंधरा मिनिटे शिजू द्यावे.

५. पातेले खाली उतरवून पाच मिनिटे थांबावे. तीन लिंबांचा रस अर्धी वाटी पाण्यात मिसळून हळूहळू घालावा. दूध फाटते, पाणी निवळ होते.

६. फडक्यात गाळून वर स्वच्छ वजन ठेवावे. अर्ध्या तासाने पनीर घट्ट होते.

फडक्यात उरलेला चोथा फेकू नका. थालीपिठाच्या पिठात मिसळा आणि थालीपीठ खरपूस भाजा.

आंबटगोड गाजर-मुळा

एक गाजर आणि एक पांढरा मुळा काडीसारखे लांब चिरावे. एक चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. सुटलेले पाणी पिळून टाकावे. अर्धी वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी उकळून कोमट केलेले पाणी आणि तीन चमचे साखर एकत्र करून त्यात काड्या बुडवाव्यात. एक तास मुरू द्यावे. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. तांब्या-पितळेचे नको. आंबटाने ते कळकते आणि पदार्थ बाधतो.

पाव भरणे

पनीरचे बोटभर जाडीचे तुकडे करावेत. तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी लालसर परतावेत. शेवटी ठेचलेला लसूण, मिरपूड, चिमूटभर साखर आणि दोन चमचे सोया सॉस घालावा. सोया सॉस म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले काळे, खारट पाणी. तो तालुक्याच्या दुकानात मिळतो. तो खारट असतो, म्हणून वेगळे मीठ चाखूनच घाला.

पाव कडक हवा. मऊ लादी पावच मिळाला, तर तो तव्यावर वरून कुरकुरीत शेकावा. मधोमध चिरावा, पण पुरता तोडू नये. आत लोणी लावावे. त्यावर पनीर, मग पिळलेला गाजर-मुळा, काकडीच्या लांब फोडी, मिरचीचे काप आणि मूठभर कोथिंबीर. कोथिंबीर भाजी नीट धुऊन घ्या, कारण ती कच्चीच खायची आहे. पाव भरला की लगेच खावा.

गाजर-मुळा पिळायला विसरू नका. पहिल्या वेळी मी विसरलो. पावाचा लगदा झाला. नात म्हणाली, “आजोबा, हा पाव चमच्याने खायचा का?” शाळेत मी मुलांच्या चुका काढल्या. घरी नातीने माझी काढली!

पाव मिळाला नाही तर हेच सारण भाकरीत भरून खा. मग तो व्हिएतनामचा पाव राहणार नाही. पण सायगॉनच्या लोकांनीही तेच केले होते. जे दाराशी पिकते, ते त्यांनी परक्याच्या पावात भरले. आपल्या दाराशी सोयाबीन आहे. ते आधी आपल्या लेकरांच्या घासात जाऊ द्या, मग बाजारात.

वाचा आणि सांगा

१. व्हिएतनाममध्ये पाव कोणी आणला? तो महाग का होता?

२. ‘मी’ या शब्दाचा त्यांच्या भाषेत अर्थ काय?

३. पेरणीचे बी का खाऊ नये?

४. घरातली बियाण्याची किंवा औषधाची पिशवी घ्या. तिच्यावरचा इशारा मोठ्याने वाचा. घरातल्या सर्वांना वाचून दाखवा.