एडची चाकांची खुर्ची

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एड रॉबर्ट्‌स नावाचा मुलगा राहत होता. त्याला खेळांची फार आवड होती. १९५३ साली, चौदा वर्षांचा असताना, त्याला पोलिओ झाला. मानेखालचे जवळजवळ सगळे शरीर लुळे पडले. श्वास घेणेही कठीण झाले. रात्री त्याला श्वास देणाऱ्या एका मोठ्या लोखंडी यंत्रात झोपावे लागे.

तरीही एडने शिक्षण सोडले नाही. तो घरी टेलिफोनवरून वर्गातील धडे ऐकू लागला. शाळा संपत आली, तेव्हा नवीनच अडचण उभी राहिली. शारीरिक शिक्षण आणि मोटार चालवणे हे विषय पूर्ण झाले नाहीत, म्हणून प्रमाणपत्र अडले! त्याची आई झोना डगमगली नाही. तिने वरिष्ठांकडे दाद मागितली आणि प्रमाणपत्र मिळवले.

१९६२ साली एड बर्कली येथील विद्यापीठात दाखल झाला. पण त्याचे अवजड यंत्र वसतिगृहात कसे मावणार? शेवटी विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याच्या राहण्याची सोय झाली. पुढे तेथे आणखी अपंग विद्यार्थी आले. चाकाच्या खुर्चीत बसून ते एकत्र चर्चा करत. आपल्याला काय हवे, हे आपणच सांगितले पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

त्यांच्या प्रयत्नांमुळे १९७० साली विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी मदत केंद्र सुरू झाले. मदतनीस शोधून देणे, राहण्यास योग्य घर मिळवून देणे, चाकाची खुर्ची दुरुस्त करणे, अशी कामे तेथे होत. खुर्ची बिघडली की वर्ग बुडे. म्हणून दुरुस्तीचे काम फार मोलाचे होते.

अपंगांना कामधंद्यासाठी मदत करणाऱ्या सरकारी खात्याने पूर्वी एडला नाकारले होते. हा कधीच नोकरी करू शकणार नाही, असे त्या खात्याचे मत होते. १९७५ साली एड त्याच खात्याचा संचालक झाला!

आपल्या देशातही २०१६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखीव असतात. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांना या जागा मिळतात. प्रवेशाच्या वयातही ५ वर्षांची सवलत असते. परीक्षेत गरजेप्रमाणे लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. उत्तरे मात्र विद्यार्थ्याचीच असतात. लेखनिक फक्त लिहितो.

मुलांनो, तुमच्या शाळेच्या दाराशी पायऱ्यांशेजारी उतार आहे का? उद्या शाळेत जाताना जरूर पाहा.

शब्दार्थ
लुळे पडणे – हालचाल बंद होणे
दाद मागणे – न्याय मागणे
अवजड – फार जड
लेखनिक – दुसऱ्याने सांगितलेले लिहून घेणारा
संचालक – खात्याचा प्रमुख अधिकारी

स्वाध्याय
१. एडचे प्रमाणपत्र का अडले होते?
२. मदत केंद्रात कोणती कामे होत?
३. ‘लेखनिक फक्त लिहितो’ असे का म्हटले आहे?
४. वाक्यात उपयोग करा : डगमगणे, दाद मागणे.