पार्टीचा स्पीकर : किती दमाचा, किती पैशांचा?

कोजागिरी, दांडिया, हळद, बारसं, थर्टीफर्स्ट. सोसायटीत किंवा घरी स्पीकर लागतोच, आणि तो घेतल्यावर दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, मागे बसलेल्यांना काही ऐकू आलं नाही. दुसरी, वर्ष-दीड वर्षात आवाज फाटायला लागला. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. जागेच्या मानाने लहान स्पीकर घ्यायचा आणि तो कायम फुल्लवर पिळायचा. मोठा स्पीकर अर्ध्या-पाऊण आवाजावर वाजला तर मागेही पोचतो आणि वर्षानुवर्षं टिकतोही. त्यामुळे ‘दणदणीत’ आणि ‘टिकाऊ’ यांची खरेदी वेगवेगळी करता येत नाही. खालचे भाव बाजारातले ढोबळ आहेत. शहर, हंगाम आणि ऑफर यांप्रमाणे ते मागेपुढे होतील.

खोक्यावरच्या वॉटचं काय करायचं?

स्वस्त ट्रॉली स्पीकरच्या खोक्यावर ‘५००० वॉट पीएमपीओ’ असं ठसठशीत छापलेलं असतं. त्याच्याच पाठीमागची पट्टी किंवा सोबतचा अडॅप्टर हातात घ्या. तिथे ‘१५ व्होल्ट, २ अँपिअर’ असं लिहिलेलं असेल तर गुणाकार करा : ३० वॉट. आतली बॅटरी क्षणभर थोडा जास्त जोर देईल, पण ३० वॉटच्या पुरवठ्यावर ५००० वॉट उभे राहत नाहीत. पीएमपीओ हा आकडा मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, म्हणून तो सोडून द्या आणि ‘आरएमएस’ वॉट, म्हणजे सतत मिळणारी ताकद, विचारा. दुकानदाराला तो सांगता आला नाही तर पुढच्या दुकानात जा. त्याच अडॅप्टरवर बीआयएसचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक आहे ना, तेही तिथेच पाहून घ्या.

आरएमएस वॉट कळल्यावरही गोष्ट संपत नाही. वॉट दुप्पट झाले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. म्हणून १०० वॉटच्या जागी १५० वॉटचा घेतला तर फरक जाणवेलच असं नाही. खरा उपयोगी आकडा ‘मॅक्सिमम एसपीएल’चा. एक मीटरवर जास्तीत जास्त किती डेसिबल, हे तो सांगतो. चांगल्या कंपन्या तो माहितीपत्रकात छापतात.

अंतराचा हिशोब

उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. एक मीटरवर १२० डेसिबल देणारा स्पीकर २ मीटरवर ११४, ४ मीटरवर १०८ आणि ८ मीटरवर १०२ देतो. हे सगळे कमाल आकडे. प्रत्यक्ष गाण्याची सरासरी पातळी त्याच्या बरीच खाली असते. एक मीटरवर १०० देणारा छोटा ब्लूटूथ स्पीकर ८ मीटरवर ८२ वर येतो, आणि शंभर माणसांच्या गप्पांत तो बुडून जातो.

बंद हॉलमध्ये भिंती आवाज परत फेकतात, त्यामुळे तिथे कमी दमाचं चालतं. गच्चीवर आणि मैदानात आवाज वाऱ्यावर जातो. लांबट जागेत एक मोठा स्पीकर पुढे ठेवण्यापेक्षा दोन मध्यम स्पीकर स्टँडवर, डोक्याच्या उंचीच्या वर लावले तर पुढच्यांचे कान वाचतात आणि मागच्यांना शब्द कळतात.

कोणासाठी कोणता, किती रुपयांना?

*२० ते २५ माणसं, दिवाणखाना किंवा छोटी गच्ची :* ३० ते ६० वॉट आरएमएसचा ब्लूटूथ स्पीकर पुरे. ५ ते १२ हजार रुपये. पावसाळी सहलीला न्यायचा असेल तर आयपी६७ बघा. म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो. आयपीएक्स४ म्हणजे फक्त शिंतोडे.

*४० ते ६० माणसं, गच्ची किंवा फार्महाउस :* १०० ते २५० वॉटचा बॅटरीवाला पार्टी स्पीकर. नामांकित कंपन्यांचे १५ ते ४५ हजारांत मिळतात. नमुना म्हणून जेबीएलचा पार्टीबॉक्स ११० घ्या : १६० वॉट, आयपीएक्स४ आणि कंपनीच्या सांगण्यानुसार १२ तास बॅटरी. असे तास मध्यम आवाजावरचे असतात. बास चढवून, दिवे लावून, मोठ्या आवाजात वाजवलं तर निम्म्याहूनही कमी धरा.

*१०० ते १५० माणसं, सोसायटीचं आवार किंवा हॉल :* १२ किंवा १५ इंची ‘अ‍ॅक्टिव्ह’ पीए (सभा-कार्यक्रमांत वापरतात तशा) स्पीकरची जोडी. अ‍ॅक्टिव्ह म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आतच. देशी ब्रँडचा एक नग १५ ते ३० हजार, परदेशी ब्रँडचा ३५ हजारांपासून पुढे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्लीत फिरलात तर भावाचा अंदाज येतो.

त्याहून मोठी गर्दी असेल तर विकत घेऊ नका. साउंडवाल्याला बोलवा.

वरचे खर्च

पीए जोडीच्या किमतीवर थांबलात तर फसाल. दोन स्टँड २ ते ४ हजार, छोटा मिक्सर ५ ते १२ हजार, वायरलेस माइक ३ ते १० हजार, चांगल्या केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड मिळून दोनेक हजार. वीजबिलाची मात्र चिंता नको. अशी जोडी संध्याकाळभर वाजली तरी दोन-तीन युनिटच्या वर क्वचितच जाते.

आता ६० फ्लॅटच्या सोसायटीचा हिशोब मांडू. स्पीकर जोडी ४४ हजार, स्टँड ३, मिक्सर ७, माइक ५, केबल २. एकूण ६१ हजार. भाड्याने आणायचं तर एका कार्यक्रमाला पाचेक हजार धरा. वर्षाला पाच कार्यक्रम असतील तर भाडं २५ हजार. देखभालीचे ३ हजार वजा केले तर वर्षाला २२ हजार वाचतात, आणि पावणेतीन वर्षांत पैसे वसूल. वर्षाला दोनच कार्यक्रम असतील तर वाचणारे ७ हजार, आणि वसुलीला जवळजवळ नऊ वर्षं. अशा सोसायटीने भाड्यानेच आणावं.

टिकेल की नाही, हे कसं ओळखायचं?

पेटी टिचकी मारून बघा. पोकळ, खळखळ वाजली तर सोडा. प्लायवूड किंवा जाड प्लॅस्टिकची पेटी दमट हवेत चांगली. स्वस्त एमडीएफ पाणी पिऊन फुगतं, तेव्हा कोकणात आणि मुंबईत ते टाळाच. जाळी लोखंडी हवी, हँडल आतून स्क्रूने कसलेलं हवं, फ्यूज बाहेरून बदलता यायला हवा. पीए स्पीकरला तळाशी ३५ मिलिमीटरचं स्टँडचं भोक असलं की बहुतेक स्टँड बसतात.

‘लिमिटर आहे का?’ हा प्रश्न नक्की विचारा. आवाज मर्यादेपलीकडे ढकलला की अ‍ॅम्प्लिफायरचा सिग्नल कापला जातो, ट्विटरवर (आतल्या बारीक, उंच सुरांच्या स्पीकरवर) ताण येतो आणि त्याची कॉइल जळते. लिमिटर तो जोर आधीच आवरतो. ‘कॉइल उडाली’ म्हणून दुरुस्तीला येणारे स्पीकर पुष्कळदा असेच पिळलेले असतात.

दुकानात आपल्या फोनमधलं ढोलकीचं एखादं गाणं लावा. दहा पावलं मागे जाऊन ऐका. थाप टणक ऐकू येते की नुसता गुबगुबाट? मग माइकवर दोन वाक्यं बोला. सूत्रसंचालकाचे शब्द कळत नसतील तर बासचं कौतुक काय कामाचं? शेवटी मिनिटभर फुल्ल आवाज करा आणि पेटीतून खरखर किंवा थरथर येते का ते बघा.

जुना घेत असाल तर बंद स्पीकरचा कोन (थरथरणारा पडदा) दोन्ही बाजूंनी बोटांनी सारख्या दाबाने हलकेच आत दाबा. आतून घासल्याचा आवाज आला तर कॉइल गेलेली आहे. मंडळात किंवा मिरवणुकीत वाजलेला सेट स्वस्त मिळतो, पण त्याचं आयुष्य आधीच खर्ची पडलेलं असतं.

बॅटरीकडे दुर्लक्ष नको. स्वस्त ट्रॉलीत बहुधा लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. ती रिकामी ठेवून चार महिने विसरलात तर मरते. नवी हजार-दीड हजारात बसते. लिथियमची बॅटरी निम्मी चार्ज करून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी बघावी. कंपनीच्या बंदिस्त स्पीकरची बॅटरी बदलून मिळते का, कितीला, आणि सर्व्हिस सेंटर आपल्या गावात आहे का, हे खरेदीआधी विचारा. वॉरंटी बहुधा वर्षाची असते. त्यात फाटलेला कोन, पाणी आणि भाड्याने देणं धरलेलं नसतं, म्हणून कागद वाचा.

कायदा आणि कान

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, ते कोणते हे पोलीस ठाण्यात विचारा. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र ठरलेला असू शकतो. उघड्यावर स्पीकर लावायला लेखी परवानगी लागते. बंद हॉलला रात्रीच्या बंदीतून सवलत आहे, पण आवाज हद्दीबाहेर मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये.

कानांचं गणितही लक्षात ठेवा. ८५ डेसिबल आठ तास सोसतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती १५ मिनिटांवर येते. लहान मुलांना स्पीकरच्या तोंडाशी नाचू देऊ नका.

बिल घ्याच

जीएसटीसह पक्कं बिल, सीरियल नंबर लिहिलेलं वॉरंटी कार्ड आणि खोकं वर्षभर जपा. दोष निघाला आणि दुकानदार टाळाटाळ करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे सुटलं नाही तर राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही.

निकाल एका ओळीत : गरजेपेक्षा एक आकार मोठा घ्या, पाऊण आवाजापुढे नेऊ नका, आणि वर्षाला तीनपेक्षा कमी कार्यक्रम असतील तर भाड्यानेच आणा.