काटक माणसाला लकवा कसा मारतो?

प्रश्न: आमच्या शेतावरचे सालदार भिल्लमामा पोळ्यानंतर लकव्यानं गेले. अंगानं काटक, जेवण भाकरी-ठेच्याचं. बीपी हा बसून खाणाऱ्यांचा आजार ना? आदिवासींच्या बीपीचा कुणा डॉक्टरनं अभ्यास केला आहे का?
– एक वाचक, नरडाणा (ता. शिंदखेडा)

उत्तर: केला आहे, आणि आपल्याच राज्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. तिची ओळख झाली ती बालमृत्यूंवरच्या कामानं. पुढे अमेरिकेत मेंदूविकारांचं शिक्षण घेतलेले डॉ. योगेश्वर काळकोंडे तिथे आले आणि त्यांनी मोठ्यांच्या मरणाकडे लक्ष वळवलं. गावात माणूस घरीच जातो, डॉक्टरचा दाखला नसतो. मग कारण कळणार कसं? प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर गेले. एकच बाजू लुळी पडली का, तोंड वाकडं झालं का, बोलणं अचानक बंद झालं का, हे नातेवाइकांना विचारून त्यांनी नोंदवलं आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवलं. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आले: ८६ गावं, १५९९ मृत्यू, आणि त्यांत पहिल्या क्रमांकावर लकवा. दर सात मृत्यूंमागे एक! त्यातले बहुतेक जण घरीच गेले. हा अभ्यास केवळ आदिवासींचा नव्हता, पण डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या केंद्रीय समितीनं २०१८ मध्ये आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला, त्यात दर चार प्रौढ आदिवासींमागे एकाला उच्च रक्तदाब असल्याचं म्हटलं आहे. आपल्याला तो आहे, हे त्यांतल्या फारच थोड्यांना माहीत होतं.

मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. देशात आदिवासी ८.६ टक्के, म्हणून ते आकडेवारीत हरवतात. पण तुमच्या धुळे जिल्ह्यात जवळपास दर तिसरा माणूस आदिवासी आहे.

कष्टानं चरबी झडते, रक्तदाब मात्र वाढू शकतो. ठेचा, पापड, लोणचं यांतून मीठ पोटात जातच राहतं. दिवसाला पाच ग्रॅमच्या, म्हणजे एका चहाच्या चमच्याच्या आत राहा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. बिडी-तंबाखूनं रक्तवाहिन्या खराब होतात, वयानं ताठर होतात. आणि दाब वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही. मामांनी तक्रार केली नाही, कारण करण्यासारखं काही जाणवलंच नसेल.

मामी आणि मामांचे भाऊ यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. आधी पाच मिनिटं शांत बसवा, मगच दाब मोजू द्या. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टर गोळ्या सुरू करतील. त्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू देऊ नका.