डिस्पोजलच्या गाडीचा गिअरबॉक्स बदलताना खिशाला किती पडतं?

अमेरिकी लष्कराच्या एम-९३९ जातीच्या पाच टनी ट्रकला अ‍ॅलिसनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. तो उतरवून मॅन्युअल बसवण्याचे व्हिडिओ पाहिले की कारंजा-रिसोडकडच्या एखाद्या हौशी माणसाच्या डोक्यात किडा वळवळू लागतो. पण आपल्याकडे सैन्यातून निघालेला जुना माल, म्हणजे जबलपूरला बनलेले शक्तिमान, निस्सान वन टन आणि जोंगा किंवा महिंद्राची जीप, मुळातच मॅन्युअल. त्यामुळे वाशिम जिल्ह्यात खरा प्रश्न येतो तो दमलेला तीन गिअरचा बॉक्स काढून चार-पाच गिअरचा बसवण्याचा.

पाना हातात घेण्याआधी कागद बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० प्रमाणे लष्करी गाडीची नोंदणी वेगळी असते. गाडी सरकारी मालकीतून सुटली की तिला साधी नागरी नोंदणी लागते. त्यासाठी विक्री करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याचं नमुना २१ मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र हवं. ते असेल तर वाशिमच्या आरटीओत एमएच-३७ क्रमांकाची वाट मोकळी होते. झेरॉक्सवर विश्वास ठेवून गाडी घेऊ नका. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात जाण्याचा नियम आहे, लढाऊ कामाच्या विशेष गाड्या तेवढ्या वगळल्या आहेत. भंगार म्हणून विकलेल्या गाडीत लाखभर ओतलेत तरी ती शेताच्या बांधापुढे जाणार नाही.

नोंदणी आधीच असेल तर तिच्या नूतनीकरणाचा खर्च वेगळा धरा. ऑगस्ट २०२५ च्या सुधारणेनुसार वीस वर्षांवरच्या हलक्या गाडीला फक्त फी १० हजार रुपये. आरसीवर इंजिन आणि चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. म्हणून "कोण बघतंय" असं मिस्त्री म्हणतात. मात्र कलम ५२ गाडीच्या मूळ स्वरूपात बदल करू देत नाही, आणि कलम १८२-अ खाली बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओत लेखी विचारा, उत्तर फाइलला लावा.

आता गाडीखाली या. तुमचा बॉक्स खरंच गेलाय का? पातूरच्या घाटात उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघा. दांडी आपोआप न्यूट्रलला उडाली तर आतले दाते किंवा फोर्क झिजलेत. मग तळाचा नट खोलून तेल बोटांवर चोळा. पिवळसर बारीक चमक पितळी सिंक्रो रिंगांची, ती चालायचीच. लोखंडाचे कण नखाला टोचले तर मात्र बॉक्स उघडावाच लागेल. जुन्या जीपच्या टी-९० बॉक्सचा पहिला गिअर सिंक्रोविना आहे. चालत्या गाडीत तो टाकताना करकरतो म्हणून बॉक्स बदलायला निघणाऱ्यांना मी डबल क्लच मारायला शिका एवढंच सांगेन. फुकटात काम होतं.

त्याच बॉक्सला बेअरिंग, सील आणि सिंक्रो घालून मजुरीसकट १५ ते ३० हजार धरा. बहुतेकांनी इथेच थांबावं.

तरीही बदलायचाच असेल, तर लक्षात घ्या की बॉक्स हा त्यातल्या त्यात सरळ खर्च. जीपचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सच्या पाठीलाच बोल्ट केलेला असतो. टू-व्हील बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्स स्वस्त मिळाला म्हणून उचललात तर त्याच्या मागे ट्रान्सफर केस बसणार नाही आणि पुढच्या चाकांची ताकद गेली. म्हणून फोर-बाय-फोर गाडीतून निघालेला, ट्रान्सफर केससकट जोडच घ्या. जुन्या बाजारात तो साधारण २५ ते ४५ हजारांना पडतो. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग ६ ते १० हजार. बॉक्सच्या सील-बेअरिंगांना ३ ते ६. दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट कापून, नवे क्रॉस घालून, बॅलन्स करायला ५ ते ८. चासीवरचा आडवा पट्टा आणि गिअर दांडी ४ ते ७. उतरवण्या-चढवण्याची मजुरी १२ ते २० हजार.

राहिला बेल हाउसिंगचा अ‍ॅडॉप्टर, ८ ते १५ हजारांचा. घोळ इथेच होतो. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक इंजिनच्या क्रँकमधल्या पायलट बेअरिंगमध्ये अगदी मधोमध बसलं पाहिजे. लेथवाल्याकडे डायल गेज आहे का ते विचारा. हा गेज फ्लायव्हीलवर लावून, हाताने फिरवत बेल हाउसिंगचं तोंड तपासलं जातं. केसाएवढा फरक राहिला तरी बेअरिंग किणकिणायला लागतं आणि क्लच सुटत नाही. "नजरेनं बसवतो" म्हणणाऱ्याला गाडी देऊ नका, मग त्यासाठी अकोल्याला किंवा नागपूरला न्यावी लागली तरी चालेल.

बेरीज ६५ हजार ते १ लाख १० हजारांच्या घरात जाते. हे अंदाज आहेत, लेखी कोटेशन घ्याच. सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे पक्कं बिल मागितलं की आकडा वाढतो. वाढू द्या, बिघाड झाला तर तोच कागद उपयोगी पडतो. शक्तिमानसारख्या ट्रकला याच्या दुपटीच्या पुढे तयारी ठेवा. बॉक्स उतरवायलाच चेन-पुली आणि तीन माणसं लागतात.

आणि कुणाकडे खरोखरच ऑटोमॅटिक गाडी असेल तर? वरच्या यादीत फ्लेक्स प्लेटऐवजी फ्लायव्हील, क्लचचं पेडल आणि त्याचे सिलिंडर, पायलट बेअरिंग, न्यूट्रल स्विचची वायरिंग आणि रेडिएटरकडे जाणाऱ्या तेलाच्या नळ्या बंद करणं एवढं जोडा. अशा कामात मी आधी ऑटोमॅटिकच दुरुस्त होतो का ते बघेन.

पितळी सिंक्रो असलेल्या बॉक्सला जीएल-४ तेलच घाला; जीएल-५ मधलं गंधकाचं रसायन पितळ खाऊ शकतं. पाचव्या गिअरमुळे समृद्धी महामार्गावर पळवायचा मोह आवरा, ब्रेक अजून जुने ड्रमचेच आहेत.

मूळ बॉक्स भंगारात घालू नका. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांनी २० हजार रुपयांत व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात असेल तरच.