जुनी चेनकुप्पी घेताना

विहिरीतून पंप काढणे, ट्रॅक्टरचे इंजिन उतरवणे अशा कामांसाठी बरेच शेतकरी बांधव जुन्या बाजारातून चेनकुप्पी आणतात. ताजा रंग व त्यावर ब्रशने लिहिलेला '२ टन' हा आकडा पाहून सौदा करू नये. क्षमता कंपनीच्या पट्टीवर ठोकलेली असते. पट्टी नसेल तर साखळीच्या जाडीवरून अंदाज बांधू नये. कठीण केलेल्या पोलादाची साखळी आणि साधी साखळी रंगाखाली सारखीच दिसते.

हाताच्या साखळीचे चाक व भाराच्या साखळीचे चाक एकाच आसावर असेल तर कुप्पी स्पर गिअरची. काटकोनात असेल तर जुन्या पद्धतीची, संथ चालणारी वर्म गिअरची. स्पर गिअरच्या कुप्पीत ब्रेक घर्षण चकत्यांचा असतो. भार चढवताना खटक्याचा टकटक आवाज आलाच पाहिजे. कुप्पी हलकी फिरावी म्हणून काही विक्रेते आत तेल सोडतात आणि गिऱ्हाईक खूश होते! पण कोरड्या चकत्यांना तेल लागले की ब्रेक घसरतो.

हुकाजवळच्या अकरा कड्या ताणून मोजाव्यात, तेवढ्याच कमी वापरलेल्या टोकाच्या मोजाव्यात. १०० मिमीला ३ मिमी वाढ दिसल्यास साखळी बाद समजावी. नटबोल्टने जोडलेली साखळी घेऊ नये. तोंड उघडलेला हुक वाईट. तापवून, ठोकून सरळ केलेला त्याहून वाईट.

घरी आणल्यावर क्षमतेच्या आतला भार वीतभरच उचलावा, साखळीवर खडूची खूण करून दहा मिनिटे थांबावे. खाली कोणी उभे राहू नये. खूण सरकली तर कुप्पी परत करावी.