लेम्ना : पाण्यावरील सूक्ष्म वनस्पती

छत्तीसगढातील खेड्याची तळ्यावाचून कल्पना करता येत नाही. स्नान, कपडे धुणे, गुरांना पाणी पाजणे या नित्याच्या कामांना तेथे ‘निस्तार’ म्हणतात आणि ती बहुतेक तळ्यावरच होतात. रायपूर शहराच्या उत्तरेची उरला ही औद्योगिक वसाहत याच तळ्यांच्या प्रदेशात उभी राहिली आहे. अशा प्रदेशात, जेथे पाणी संथ असते तेथे काठाशी एक हिरवा थर जमतो. तेथील लोक त्याला सरसकट ‘काई’ म्हणतात. मराठी मुलखात त्यास ‘शेवाळ’ म्हणतात. परंतु ओंजळभर पाणी उचलून पाहिले, तर पुष्कळदा असे आढळते की, हा थर शेवाळाच्या तंतूंचा नसून मसुराच्या दाण्याहूनही लहान अशा सुट्या टिकल्यांचा आहे. यांतील प्रत्येक टिकली ही एक संपूर्ण सपुष्प वनस्पती होय. हिचे नाव लेम्ना. बदके ती आवडीने खातात, म्हणून इंग्रजीत तिला ‘डकवीड’ म्हणतात.

शरीररचना

या वनस्पतीस खोड व पाने असे वेगळे अवयव नाहीत. तिचे सर्व शरीर म्हणजे एक चपटी हिरवी चकती असते. तिला आपण पर्णकाय म्हणू. पर्णकायातील पेशींमध्ये हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ती बुडत नाही. सामान्य पानांची रंध्रे बहुधा खालच्या बाजूस अधिक असतात; येथे खालची बाजू पाण्याला टेकलेली असल्यामुळे ती वरच्या बाजूस असतात. लेम्नाच्या प्रत्येक पर्णकायास खाली एकच मूळ असते. तिच्या स्पायरोडेला या थोराड भगिनीस मुळांचा झुबका असतो व तिची खालची बाजू पुष्कळदा जांभळट दिसते. वुल्फिया या तिसऱ्या प्रकारास तर मूळही नाही. रव्याच्या कणाएवढी, एक मिलिमीटरहूनही लहान असलेली वुल्फिया ही जगातील सर्वांत लहान सपुष्प वनस्पती आहे.

या वनस्पतींचे नाते कोणाशी, हा प्रश्न बराच काळ चर्चेत होता. दिल्ली विद्यापीठातील सतीशचंद्र महेश्वरी यांनी १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या गर्भविकासाचा सूक्ष्म अभ्यास केला आणि १९५८ साली असे दाखविले की, स्पायरोडेला हा अळू व सुरण यांचे कुल आणि लेम्ना यांना जोडणारा दुवा आहे. पुढे जनुकद्रव्याच्या तुलनेनेही हे नाते सिद्ध झाले. आपल्या परसातील अळूचे ते रुंद पान आणि ही टिकली एकाच घराण्यातील आहेत!

वाढ

लेम्नास फुले क्वचितच येतात. तिची वाढ मुख्यतः मुकुलनाने होते. पर्णकायाच्या कडेस असलेल्या कप्प्यातून नवी चकती बाहेर येते, मोठी होते व सुटी होऊन स्वतंत्र जगू लागते. ऊब, प्रकाश व पोषण अनुकूल असेल, तर दोन-तीन दिवसांत संख्या दुप्पट होते. दर दोन दिवसांस दुप्पट असा हिशोब धरला, तर एका टिकलीपासून तीस दिवसांत ३२,७६८ टिकल्या होतील. प्रत्यक्षात जागा व अन्न अपुरे पडल्याने एवढी वाढ होत नाही. तथापि तळे झाकले जाण्यास फार दिवस लागत नाहीत. थंडी पडली किंवा पोषण घटले, म्हणजे स्पायरोडेला पिष्टाने भरलेल्या जड सुप्त कलिका तयार करते. त्या तळाशी बसतात व अनुकूल काळ येताच वर येऊन पुन्हा वाढू लागतात.

उपयोग

इतक्या वेगाने वाढणाऱ्या वनस्पतीस अन्नही त्याच वेगाने लागते. हे अन्न, विशेषतः नत्र व स्फुरद, ती पाण्यातून शोषून घेते. म्हणूनच सांडपाण्याच्या तळ्यात ती जोमाने वाढते व पाण्यातील ही द्रव्ये कमी करते. मात्र ती वेळोवेळी काढून घेतली पाहिजे. अन्यथा ती कुजून घेतलेले सर्व पाण्यास परत करते, आणि तिचा दाट थर प्रकाश व हवा अडवून माशांचा जीव गुदमरवितो.

ताज्या लेम्नात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. परंतु पोषक पाण्यात वाढलेल्या लेम्नाच्या शुष्क भागात ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत प्रथिने आढळतात. त्यामुळे मासे, बदके व कोंबड्या यांस ते चांगले खाद्य आहे. बांगलादेशात मिर्झापूर येथे १९९० च्या सुमारास एका रुग्णालयाच्या परिसरातील सांडपाण्यावर लेम्ना वाढवून ती माशांस घालण्याचा प्रयोग यशस्वी झाला. थायलंडमध्ये वुल्फिया माणसेही खातात; तेथे तिला ‘पाण्यातील अंडी’ अशा अर्थाचे नाव आहे.

एक सावधगिरी

जो गुण उपयोगाचा, तोच धोक्याचाही आहे. लेम्ना नत्र शोषते, तसेच कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातूही शोषून आपल्या शरीरात साठविते. घरगुती सांडपाण्यावरील लेम्ना आणि लोखंड-पोलादाच्या कारखान्यांच्या वस्तीतील नाल्यावरची लेम्ना दिसण्यात सारख्याच हिरव्या असतात. पहिली तपासून माशांस घालता येईल. दुसरी घातली, तर पाण्यातील धातू माशांत व माशांतून आपल्या ताटात येण्याचा संभव आहे. तेव्हा उरलासारख्या ठिकाणी लेम्नाचे दोन उपयोग एकाच तळ्यात साधावयाचे नसतात. तिच्याकडून पाणी शुद्ध करून घ्यावयाचे असेल, तर ती खाद्य म्हणून वापरू नये व काढलेला ढीग तळ्याकाठी किंवा शेतात टाकू नये.

शाळेसाठी प्रयोग

शिक्षकांनी दोन पेल्यांत दोन निरनिराळ्या तळ्यांचे पाणी घ्यावे व प्रत्येकात लेम्नाच्या दहा टिकल्या सोडाव्या. पेले उजेडात, पण कडक उन्हापासून दूर ठेवून सात दिवस रोज टिकल्या मोजाव्या. प्रयोगशाळांतही पाण्यातील विषारीपणा पाहण्यासाठी सात दिवसांची अशीच चाचणी रूढ आहे. एका पेल्यात वाढ खुंटली, टिकल्या पांढुरक्या झाल्या, तर त्या पाण्याविषयी चौकशी केली पाहिजे. परंतु वाढ उत्तम झाली म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. ते ठरविण्यास रासायनिक परीक्षाच हवी. हिरवा रंग हा वनस्पतीच्या सुखाची खूण आहे, माणसाच्या सुरक्षिततेची नव्हे, हे ज्या गावाचा निस्तार तळ्यावर चालतो त्या गावाने विशेष ध्यानात ठेवावे.